डांबराचा लेप आणि मी

मित्रांनो, मी एक जुनी जर्मन मोटार आहे. जुनी म्हणालात तर माझी हरकत नाही. मोडकी म्हणायचं असेल, तर आधी माझ्या सहा सिलिंडरांचा आवाज ऐका आणि मग तोंड उघडा. दोन दारं, चार माणसांची ऐसपैस जागा, लांब नाक आणि मागे उतरत जाणारं छप्पर, अशा गाडीला कूपे म्हणतात. बाजारातून बटाट्याची पोती आणायला आम्हांला कोणी घडवलं नाही. दूरचा पल्ला वेगात आणि थाटात गाठावा, एवढ्यासाठी आमचा जन्म.

माझा जन्म एकोणीसशे बहात्तरचा, उत्तरेकडच्या एका कारखान्यातला. ज्या देशातली माणसं युद्धानंतर तीन चाकांच्या डबड्यांतून फिरली, त्याच देशाने पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत मला घडवलं. यावरून काय ते समजा. माझ्या बाजूच्या पुढच्या आणि मागच्या काचेमध्ये खांबच नाही. चारही काचा खाली केल्या की या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळं मोकळं. पुढे नियम बदलले. अपघातात छप्पर तोलून धरायला जाड खांब आले. चांगलंच झालं, माणसं वाचली. पण असं हलकं, मोकळं छप्पर पुन्हा फारसं कोणी केलं नाही. म्हणून गाड्यांचा इतिहास लिहिणारी मंडळी माझ्या पिढीपाशी जरा थांबतात. थांबायलाच हवं.

मला विकत घेतलं गॉटलोब बिट्झरने. दक्षिण जर्मनीत श्वाबियन डोंगरपठारावरच्या एका गावात त्याचा बनियन विणायचा छोटासा कारखाना होता. तिथली माणसं भारी कष्टाळू, पण हातात चार पैसे खुळखुळले की चोरी केल्यासारखी लाजतात. गॉटलोब तर त्यांतला मुकुटमणी. त्याने मला सुताच्या गोदामामागे गॅरेजात दडवलं. कामाला जाताना तो खडखडणारी जुनी गाडी काढायचा. रविवारी दुपारी गाव मसूर आणि श्पेट्झलेच्या जाड शेवया हादडून आडवं झालं, की शेतातल्या वाटेने मला हळूच मोठ्या रस्त्याला न्यायचा. मग मात्र असा सुटायचा की विचारता सोय नाही!

त्याची बायको रोसविटा शेजारी बसायची. जिभेची तिखट.

"गॉटलोब, ही गाडी तू विकत आणलीस की पळवून?"

"हळू बोल. लोक म्हणतील, बिट्झर माजला."

"एवढा खर्च करून आणलीस, तर जरा माजू तरी दे की मला!"

तिला मला चालवायचं होतं. भर दिवसा, गावच्या मोठ्या रस्त्यावरून. तिच्याकडे परवाना होता, हात सराईत होता. पण गॉटलोब किल्ली सोडायला तयार नव्हता. "क्लच फार नाजूक आहे गं," म्हणायचा.

"क्लच नाजूक, का तू?" ती विचारायची. तो हसायचा आणि किल्ली खिशात टाकायचा.

मी जेमतेम वर्षाची झाले आणि तेलाची टंचाई आली. त्या हिवाळ्यात सरकारने काही रविवार गाड्यांना रस्त्यावर बंदीच घातली. मला सांगा, आठवड्यातून माझा वार एकच, आणि नेमका तोच काढून घेतला! महामार्गावर पोरं चाकांचे बूट घालून खेळली आणि मी गोदामामागे उभी. वर्तमानपत्रांनी माझ्यासारख्यांना पेट्रोलपिशाच्च म्हटलं. म्हणोत. मी कारखान्यातून निघताना कोणाला कमी पिण्याचं वचन दिलं नव्हतं.

गॉटलोबने मला जपलं मात्र जिवापाड. आमच्याकडे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात. मीठ म्हणजे पत्र्याचा काळ. म्हणून दर शरद ऋतूत तो मला उचलून धरायचा, खाली पाठीवर झोपायचा आणि माझ्या पोटाला ब्रशने डांबराचा जाड लेप द्यायचा. गेल्या वर्षीच्या लेपावर यंदाचा, यंदाच्यावर पुढच्या वर्षीचा. त्या पठारावर सगळेच असं करायचे. पण गॉटलोबसारखा जाड लेप कोणाचाच नसायचा, आणि त्याचा त्याला कोण अभिमान! जुना लेप खरवडून आत काय चाललंय ते एकदा बघावं, हे मात्र त्याच्या मनातही आलं नाही. इतकं जपतोय म्हटल्यावर बघायचं कशाला?

गॉटलोब गेला तेव्हा मी पस्तिशी ओलांडली होती. शेवटची काही वर्षं त्याच्या गुडघ्यांनी दगा दिला होता, म्हणून मी नुसतीच उभी होते. अंत्यविधीनंतर पाहुणे पांगले आणि रोसविटा काळ्या कपड्यांतच गॅरेजात आली. माझं दार उघडून स्टिअरिंगसमोर बसली.

"आता बघू कोण अडवतं," म्हणाली.

अडवलं मुलीने. आनेग्रेट स्टुटगार्टला नोकरीला, आईवर जीव, पण स्वभाव बापाचा. "आई, तू सत्तरी पार केलीस. ही गाडी जड आहे. ब्रेमेनचा एक माणूस हिची दारं, काचा, डॅशबोर्ड, सगळं सुटं करून न्यायला तयार आहे. बाकीच्या कूपे त्यावर जगतील."

"मी गेले की माझे गुडघेही दे त्याला. बाकीच्या म्हाताऱ्या त्यावर चालतील."

शेवटी मायलेकींचं ठरलं. सरकारी तपासणीत मी पास झाले, तर रोसविटा मला चालवणार. नापास झाले, तर ब्रेमेन.

तपासनीस माझ्या पोटाखालच्या खड्ड्यात उतरला, एक टोकदार सळई घेऊन त्याने मला टोचलं. डांबराचा लेप पोळीसारखा सुटून त्याच्या हातात आला आणि आतून तांबडा भुगा झरझर खाली सांडला. मित्रांनो, मी आयुष्यात कधी मान खाली घातली नव्हती. त्या दिवशी घातली.

"बिट्झरबाई, वरून ही नवरी आहे," तो म्हणाला.

"आणि खालून?"

"खालून बिस्किट."

लेप वाळला होता, त्याला बारीक भेगा पडल्या होत्या. भेगांतून खारट पाणी आत गेलं आणि जाड लेपाने ते बाहेर येऊच दिलं नाही. गॉटलोबने जेवढं जास्त चोपडलं, तेवढा गंज निवांत जेवला.

आनेग्रेटने फोन काढला. रोसविटाने तो तिच्या हातातून घेतला आणि पर्समध्ये टाकला. तिथून मला ट्रकवर घालून ती थेट गावातल्या मेकॅनिकच्या, कुनोच्या गॅरेजात. कुनोला तिने लंगोटात पाहिलेला, त्यामुळे आडपडदा नव्हता.

"कुनो, खरं सांग. जगेल का?"

"गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या दोन तुळया शाबूत असतील, तर जगेल. नसतील, तर मीच म्हणेन, सोडा. पण ते कळायला सगळा लेप काढावा लागेल बाई, आणि माझ्याकडे तेवढे हात नाहीत."

"माझे दोन आहेत."

"तुम्ही? तुम्हांला स्टुलावरून उठायला हात द्यावा लागतो!"

"मग उठवू नकोस. बसू दे."

कुनोने मला एका चौकटीत अडकवून कुशीवर कलंडवलं. अशी लाज आणणारी अवस्था कोणत्याही खानदानी गाडीवर येऊ नये. रोसविटा कारखान्यातला जुना निळा झगा घालून स्टुलावर बसली. एका हातात गरम हवेचा पंखा, दुसऱ्यात खरवडणी. डांबर मऊ करायचं आणि ओरबाडायचं. दुखत होतं. पण ती बाई थकत नव्हती, तर मी कुठल्या तोंडाने कण्हू?

खरवडताना ती मेलेल्या नवऱ्याशी भांडायची. "हा घे तुझा लेप! आणि हा आणखी एक! पावाला लोणी लावल्यासारखा लावलायस, शहाण्या!"

एके दिवशी मात्र ती बोलता बोलता थांबली. लेपात ब्रशचे केस अडकले होते. गॉटलोबच्या ब्रशचे. थंडीत, पाठ टेकून, तोंडावर डांबर ठिबकत असताना त्याने ते लावलं होतं. तिने ते केस बोटांत धरले. मग नाक पुसलं, ते केस कचऱ्याच्या डब्यात टाकले आणि पुन्हा खरवडायला लागली.

आनेग्रेट तिला न्यायला येऊन दारात उभी होती. तिने हे बघितलं. तिने कोट काढला आणि भिंतीवरची दुसरी खरवडणी घेतली.

"नखं जातील तुझी," आई म्हणाली.

"जाऊ देत. सरक जरा."

शेवटी तुळया उघड्या पडल्या. कुनोने हातोडी घेतली. उजवीवर मारली, खणकन वाजली. डावीवर मारली, खणकन वाजली. पुढे सरकला, पुन्हा मारली, थप्प. दोघी मायलेकी एकमेकींकडे बघायला लागल्या. मी सगळं बळ त्या एका तुळईत गोळा केलं. कुनोने इकडे मारली, तिकडे मारली, कान लावला.

"तळहाताएवढं कुजलंय," तो म्हणाला. "तेवढं कापून नवं जोडू. बाकी लोखंड खरं आहे."

"मला माहीत होतं," रोसविटा म्हणाली. खोटं बोलली, पण रुबाबात.

पत्रा जोडला गेला. आतून पातळ मेण सोडलं, खालून असं पारदर्शक काही लावलं की आतला पत्रा रोज बघता येईल. वसंत ऋतूत तोच तपासनीस तीच सळई घेऊन आला. टोचून टोचून त्याचाच हात दुखला. माझ्या नंबराच्या शेवटी 'एच' हे अक्षर लागलं. आमच्या देशात ते अक्षर वारशाच्या गाडीलाच मिळतं. निदान तिशी पार केलेली हवी आणि मूळ रूपात सांभाळलेली हवी.

शनिवारी दुपारी आमच्याकडे घरोघरी ज्याची पाळी असेल तो आपल्या दारापुढचा रस्ता झाडतो. म्हणजे सगळं गाव हातात झाडू घेऊन बाहेर. रोसविटाने मुद्दाम तोच मुहूर्त धरला. चारही काचा खाली, डोक्याला रुमाल, शेजारी आनेग्रेट. चर्चसमोर मी आचका देऊन बंद पडले. क्लच खरंच नाजूक आहे हो. झाडू थांबले. रोसविटाने इकडेतिकडे न बघता किल्ली फिरवली, पाय सावकाश उचलला आणि मी निघाले.

बेकरीपाशी शेजारीण बेर्टा झाडूवर रेलून ओरडली, "अगं रोसविटा! ही कोणाची म्हणायची?"

"माझी!" रोसविटा म्हणाली, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशी. "बहात्तर सालापासून!"

मित्रांनो, तुमच्याही घरात असं कोणीतरी असेल. सायकल असेल, शिवणयंत्र असेल, नाहीतर आजी असेल. नाजूक आहे म्हणून तुम्ही तिला कोपऱ्यात ठेवलं असेल आणि वरून माया चोपडत असाल. नुसतं चोपडू नका. गुडघे टेकून, खाली वाकून बघा. काय कुजलंय ते कापा, काय शाबूत आहे ते वाजवून घ्या. आणि मग मुकाट्याने किल्ली तिच्या हातात द्या.