छत्तीस तासांचा आवाज

बाईंचा गळा उघडून स्वरयंत्र काढायचं ठरलं, तेव्हा डॉक्टरांनी हातात दिले बारा दिवस. बाईंनी सव्वीस वर्षं वर्गात शिकवलं होतं. त्यांच्या आवाजानं मागच्या बाकावरची पोरंसुद्धा सरळ बसायची. नवरा प्रोग्रॅमर. तो म्हणाला, "अगं, रोज तीन तास वाच. त्या रेकॉर्डिंगवरून तुझा आवाज मी संगणकात पुन्हा तयार करतो. लिहिशील ते तुझ्याच आवाजात ऐकू येईल."

बाई वाचत गेल्या. धडे, दूरध्वनीची यादी, औषधांच्या चिठ्ठ्या. घसा दुखला की कोमट पाणी प्यायच्या आणि पुन्हा सुरू.

रेकॉर्डिंग तो ठेवत होता स्वतः लिहिलेल्या फाइल सिस्टममध्ये, म्हणजे फाइली डिस्कवर साठवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये. दोन वर्षं खपून त्यानं ती उभी केली होती. तीन जुन्या डिस्क एकाच फोल्डरसारख्या दिसायच्या. ऑफिसातला मित्र म्हणाला होता, "साध्या डिस्कवर ठेव ना बाबा. हौसेला दुसरी वेळ नाही का?"

"अरे, ही कर्नलमध्ये, म्हणजे संगणकाच्या गाभ्यात नाहीये," त्यानं समजावलं होतं. "गाभ्यात चूक झाली तर सगळं मशीन बसतं. माझा प्रोग्रॅम बाहेर, इतर प्रोग्रॅमांसारखाच चालतो. पडला तर एकटा पडेल."

ऑपरेशन झालं. बाई दवाखान्यात असताना एका दुपारी घरी येऊन त्यानं आवाज तयार करणारं सॉफ्टवेअर सुरू केलं. त्या सॉफ्टवेअरला मेमरी कमी पडली. कर्नलनं सगळ्यात जास्त मेमरी अडवून बसलेला प्रोग्रॅम शोधला आणि बंद केला. तो नेमका त्याच्या फाइल सिस्टमचाच होता.

त्यानं प्रोग्रॅम चालू करून फोल्डर पुन्हा माउंट केला, म्हणजे संगणकाला जोडला. रिकामा!

तासाभरात उलगडा झाला. वेग यावा म्हणून त्याचा प्रोग्रॅम फाइल आधी मेमरीत घ्यायचा, "जतन झाली" म्हणायचा आणि डिस्कवर मागाहून उतरवायचा. उतरवणारा भाग पहिल्याच दिवशी एका डिस्कपाशी अडकून गप्प झाला होता. तो रोज संध्याकाळी रेकॉर्डिंग ऐकून खात्री करायचा, तेही मेमरीतलंच; आणि प्रोग्रॅम बंद पडला की त्याच्या मेमरीतलं सगळं पुसलं जातं. मशीनला काही झालं नव्हतं. पंखा मजेत फिरत होता.

दवाखान्यात बाईंनी वहीत लिहिलं, "झाला का आवाज?"

"चाललंय," तो म्हणाला. दोन दिवस तेच म्हणाला. तिसऱ्या दिवशी त्याला राहवेना. "सगळं गेलं गं. माझ्याच हातानं गेलं."

बाईंनी पेन उचललं, खाली ठेवलं. पुन्हा उचलून लिहिलं, "पुन्हा वाचू?" आणि लगेच स्वतःच ते खोडलं.

त्यानं शाळा पालथी घातली, नातेवाइकांना फोन केले. मुख्याध्यापिकेकडे एक चित्रफीत सापडली. त्यात अकरा सेकंद बाईंचा आवाज होता: "मागचे, खाली बसा. बसा म्हटलं ना!" एवढ्यावर आवाज उभा राहत नाही, हे त्याला पाहताक्षणी कळलं. तरी त्यानं ती बाईंना ऐकवली. काहीतरी द्यावं म्हणून.

बाईंनी एकदा ऐकलं. तो पुन्हा लावायला गेला, तेव्हा त्यांनी त्याचं मनगट धरलं. तोंड उघडलं. गळ्यातल्या नळीतून नुसती हवा आली.