आवरलेली खोली

माझा अख्खा जन्म हॉस्पिटलच्या वॉर्डात गेला. आधी सिस्टर, मग इनचार्ज सिस्टर. निवृत्त होईपर्यंत पोरी मला पाठीमागे ‘चादरबाई’ म्हणायच्या, हे मला ठाऊक आहे. म्हणोत बापड्या. चादरीला सुरकुती दिसली तर मी मोठ्या डॉक्टरांचीही भीड ठेवली नाही. तेव्हा लेकीच्या परदेशातल्या खोलीत मी पहिलं पाऊल टाकलं आणि माझं काय झालं असेल, ते तुम्हीच ओळखा.

खोली एवढीशी. एक खाट, एक टेबल, कोपऱ्यात दोन शेगड्यांपुरता ओटा. खुर्चीवर कपड्यांचा डोंगर, खाटेवर पुस्तकं, उशीखाली चार्जर, खिडकीत तीन कप आणि त्यांतल्या एकात टूथब्रश. दारावर नावाची पाटी म्हणून वहीचा फाटका कागद, तोही चिकटपट्टीने तिरका लावलेला.

“गुंडे, इथं माणूस राहतं की वादळ?” मी विचारलं. लहानपणी गोल आणि चकचकीत होती, म्हणून तिला गुंडी म्हणतो.

“आई, बॅग तरी खाली ठेव. मग ओरड.”

दुसऱ्या दिवशी सकाळी तिच्या फोनचा गजर सुरू झाला. ही ढिम्म. गजर थांबला, पुन्हा लागला, पुन्हा थांबला. तिसऱ्यांदा लागला तशी पलीकडच्या भिंतीवर काठी आपटली. ठकठक, ठकठक. तेव्हा कुठे आमच्या बाईसाहेबांनी एक डोळा उघडला.

“हे ठकठक आजोबा,” ती जांभई देत म्हणाली. “एकटेच राहतात. माझ्यावर त्यांचा भारी राग आहे.”

“असणारच,” मी म्हटलं.

पण मी आले होते ते पसारा बघायला नव्हे. फोनवर तिचा आवाज मला बरा वाटत नव्हता. शिकायचं एक वर्ष उरलं होतं आणि राहण्याचा परवाना संपत आला होता. तिकडे एकदा व्हिसा मिळाला की गंगेत घोडं न्हालं, असं नसतं. परवाना वाढवून घ्यायचा तर वर्गातली हजेरी दाखवा, विमा दाखवा, पोटापुरते पैसे आहेत हे दाखवा. शिवाय कचेरीत जो पत्ता नोंदवलाय तिथंच खरोखर राहायला हवं. काही पोरं पत्ता एका गावचा देतात, राहतात दुसऱ्याच गावी, आणि कॉलेजला दांडी मारून दिवसभर नोकरी करतात. हिच्याच इमारतीत तसा एकजण सापडला, तेव्हापासून सगळ्यांच्याच खोल्या तपासायला लागले. सुक्याबरोबर ओलंही जळतं, त्यातलाच प्रकार. पहिल्यांदा आले तेव्हा ही प्रयोगशाळेत होती आणि दाराला कुलूप. आता पुन्हा येणार होते. ‘इथं राहत नाही’ असा शेरा पडला की परवाना गेला, आणि शिक्षण अर्धवट टाकून घरी. त्या विचाराने पोरीच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती.

“या आठवड्यात कधीही येतील,” कॉलेजला निघताना ती म्हणाली. “बेल वाजली की मला फोन कर. तू काही करू नकोस.”

ऐका! सरकारी माणूस तपासणीला येणार आणि आईने काही करायचं नाही! वॉर्डात तपासणी असली की आम्ही आदल्या दिवसापासून फरशी घासायचो. मी पदर खोचला.

कपडे, मळके न् धुतलेले असा भेद न करता, सगळे तळघरातल्या सामाईक मशीनमध्ये टाकले. पुस्तकं माझ्या बॅगेत भरून बॅग खाटेखाली सारली. टूथब्रश उकळत्या पाण्यातून काढून डब्यात, डबा खणात. फ्रिजमध्ये काय काय होतं ते सांगत नाही, तुम्ही जेवायचे असाल. ते सगळं टाकलं, फ्रिज बंद केला, पुसला आणि वास जावा म्हणून दार उघडं ठेवलं. दारावरचा तो कागद गरम पाण्याने सोडवला. संध्याकाळी तिच्याकडून नीट अक्षरात दुसरा लिहून घेणार होते. आणि शेवटी खाट. चारही कोपरे दुमडून, चादर खेचून, पेशंट घरी गेल्यावर पुढच्यासाठी तयार ठेवतो तशी. मग खुर्चीत बसले. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

दुपारी जिन्यात बोलणं ऐकू आलं. दार उघडलं तर लेक आणि तिच्यासोबत परवाना कचेरीतल्या बाई. दोघींची खालीच गाठ पडली होती. पुढचं सगळं तिकडच्या भाषेत झालं. लेकीने मला नंतर शब्द न् शब्द सांगितलं, तसंच सांगते.

“दारावर नाव नाही,” बाई म्हणाल्या.

लेकीने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी हसून ‘या, या’ केलं.

बाईंनी कपाट उघडलं. आत नुसते हँगर. फ्रिजचं दार तर मीच उघडं ठेवलं होतं. आत ना दिवा ना दाणा. खण, मोरी, कचऱ्याचा डबा, सगळं लख्ख. बाई खाटेपाशी थांबल्या. “असं अंथरूण मी हॉटेलात किंवा हॉस्पिटलातच पाहिलंय,” त्या म्हणाल्या. सूर ऐकून मला ते कौतुक वाटलं. मी मान तुकवली.

“तुझे कपडे कुठे आहेत?”

लेकीने मला मराठीत विचारलं.

“धुवायला टाकलेत.”

“सगळे?”

“सगळे!” मी अभिमानाने सांगितलं.

तिने बाईंना सांगितलं. आई आली आहे, आईने आवरलंय. बाई काही दुष्ट नव्हत्या. “प्रत्येकजण मला काहीतरी सांगतोच,” त्या म्हणाल्या. “मी जे पाहते तेच लिहिते. इथं कुणी राहत असल्यासारखं दिसत नाही.” आणि हातातल्या फॉर्मवर लिहायला लागल्या.

तेव्हा माझ्या पोरीचा बांध फुटला.

“आई, काय करून बसलीस गं! काही करू नकोस म्हटलं होतं ना! आता मला घालवून देतील, कळतंय का तुला? घालवून देतील!”

कळलं. आणि पायांखालची जमीनच सरकली. माझ्या हाताने, माझ्या लेकीचं.

ठकठक. ठकठक. भिंतीवर काठी आपटली, मग पलीकडचं दार धाडकन उघडलं आणि ठकठक आजोबा आमच्या उंबऱ्यात उभे राहिले. अंगात घरातला जाड कोट, हातात काठी, चेहरा लालबुंद.

“आता दुपारीही सुरू केलंस?” ते लेकीवर खेकसले. मग त्यांना बाईंच्या गळ्यातलं ओळखपत्र दिसलं. “अस्सं! आले का कुणीतरी शेवटी? कधीचा तक्रार करतोय मी इमारतीच्या व्यवस्थापकाकडे.”

बाईंनी लिहिणं थांबवलं. “कसली तक्रार?”

“हिची! रोज सकाळी गजर. उठत नाही, नुसती बंद करते. हिच्या गजराने मी उठतो, ही झोपलेलीच. मग दार आपटून जिना उतरते, घोड्यासारखी. अंघोळ करताना गाते. बरं गाईल तर शपथ!”

“कधीपासून?”

“आली तेव्हापासून! दीड वर्ष. एक रविवार सुखाचा गेला असेल तर सांगा.”

“म्हणजे ती रोज इथंच असते?”

“दुसरीकडे असती तर मी कशाला बोंबललो असतो? उन्हाळ्यात एक आठवडा कुठेशी गेली होती. तेव्हा गजर नाही, मी झोपून राहिलो, आणि डॉक्टरची वेळ चुकली. तोही हिचाच दोष!”

लेक रडता रडता हसायला लागली. आजोबा आणखी भडकले. “बघा, वर हसतेय!”

बाईंनी फॉर्म त्यांच्यापुढे धरला. “हे सगळं खरं असल्याची सही कराल?”

“एक काय, दहा करतो,” म्हणत त्यांनी झोकात सही ठोकली. बाईंनी ती पाहिली, आधीचा शेरा खोडला आणि शांतपणे म्हणाल्या, “मी परवाना कचेरीतून आलेय. ही इथं राहते की नाही, ते पाहायला. तुमच्यामुळे खात्री झाली. हिला आणखी एक वर्ष इथं राहता येईल.”

आजोबांनी सहीकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं, काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. “मग निदान पहिल्या गजराला ऊठ म्हणावं,” ते पुटपुटले आणि निघून गेले.

जाताना बाईंनी दारावर नाव लावायला बजावलं. मग माझ्याकडे पाहून लेकीला काहीतरी म्हणाल्या.

“काय म्हणतायत?”

“पुढच्या तपासणीला आवरू नका, म्हणतायत.”

दार लागलं आणि मी मटकन खाटेवर बसले. चादर चुरगळली. चुरगळू दे म्हटलं. लेक गळ्यात पडली, दोघीही रडलो, हसलो. मग तळघरातून ओले कपडे आणले आणि खुर्चीवर, खिडकीवर, दारावर, मिळेल तिथं वाळत घातले. मीच घातले. छातीवरचा धोंडा उतरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी फोन लावला. “वाढेल हो परवाना,” सांगितलं, तसा ह्यांनी तिकडे एवढा मोठा सुस्कारा टाकला की मला ऐकू आला. इकडे गजर वाजत होता. लेक पालथी झोपली होती, एक पाय पांघरुणाबाहेर. उशीशी पुस्तक, पुस्तकावर मोजा.

“तिच्या खोलीत काय चाललंय?” मी विचारलं. तिची आमच्या घरातली खोली.

“काय चालणार? तू ठेवून गेलीस तशीच आहे. चादरीला एक सुरकुती नाही. मी आत पाऊलही टाकलं नाही, बाई.”

ती गेल्यापासून रोज सकाळी मी ते अंथरूण खेचून घट्ट करत होते. कोपरे दुमडत होते. जन्मभर वॉर्डात काढून तसं अंथरूण कधी घालतात हे मलाच कळू नये?

“अहो,” मी म्हटलं, “आजपासून दुपारी तिथं आडवे होत जा. तुमचा पेपर, चष्मा, इस्त्रीचे कपडे, सगळं तिथंच ठेवा.”

“तब्येत बरी आहे ना तुझी? आणि हा आवाज कसला?”

भिंतीवर काठी वाजत होती. ठकठक, ठकठक.

“काही नाही,” मी म्हटलं. “आपली लेक इथं राहते, त्याचा आहे.”