तिसरी ओळ : आठशे मेगाहर्ट्झ

२०० मेगाहर्ट्झ : ८०० मिलिव्होल्ट

पेशंट शांत, तर यंत्राची मेमरी एवढ्याच वेगाने पळते. कमी वेग, कमी वीज. यंत्राच्या प्रोग्राममधल्या अशा तीन ओळी मी पुण्यात कंपनीच्या एसीत बसून लिहिल्या. यंत्र बोटाला चिमटा लावून रक्तातला ऑक्सिजन दाखवतं. २०१७चा ऑक्टोबर. यवतमाळच्या या दवाखान्यात फवारणीची विषबाधा झालेल्यांच्या प्रत्येक खाटेशी आमचं एक यंत्र आहे.

सातव्या खाटेवर माझी आई, मथुराबाई. आमच्या गावी, बोरी अरबला, मजुरीनं कपाशीवर फवारायचं औषध ड्रममध्ये कालवत होती. हातानं.

"काहून त्या डब्याकडंच पाहून राह्यला रे? माह्याकडं पाह्य ना."

शेजारच्या खाटेवरून गावातलाच उकंडाकाका हसला. "माहे पाह्य अश्वजित, अठ्ठ्याण्णव! शाळेत एवढे मार्क कधी भेटले नाई मले."

मग दोघांचाही डोळा लागला.

४०० मेगाहर्ट्झ : ९०० मिलिव्होल्ट

आईचा आकडा शहाण्णव. पडद्यावरच्या घड्याळात दुपारचे दोन वाजून दहा मिनिटं.

माझ्या मोबाइलवर दोन चौदा.

पुन्हा पाहिलं. पडद्यावर दोन दहाच.

८०० मेगाहर्ट्झ : ९०० मिलिव्होल्ट

इथे हजार हवे होते. वेग दुप्पट झाला की व्होल्टेज वाढवावं लागतं. मी वाढवलं नाही. आपल्याकडे लाइन जाते, बॅटरी तासभर जास्त टिकावी, म्हणून. एसीत चाललं. या उकाड्यात मेमरी चुकते आणि यंत्र आहे तिथेच गोठतं.

आणि हा वेग यंत्र कधी घेतं? पेशंट खालावला, भोंगा वाजवायचा असला, की.

तेव्हाच.

"सिस्टर!"

नुजहत सिस्टर आल्या, पडदा पाहिला. "शहाण्णव तं आहे भाऊ. कायले घाबरून राह्यले?"

"तो आकडा जुना आहे. मशीन मेलीय."

यंत्र बंद केलं. नुसतं परत चालू केलं असतं तर भोंग्याच्या वेळी पुन्हा गोठलं असतं. लॅपटॉपची केबल खुपसली. डावा हात आईच्या छातीवर. श्वास. मोजतोय. पुढचा येत नाही. आला. उजव्या हाताने तिसरी ओळ शोधतोय, बोटं भलतीच बटणं दाबतायत.

खोडली. आता यंत्र चारशेच्या वर जाणार नाही. हळू चालेल, पण चालेल.

काळा पडदा. वीस सेकंद. श्वास. तीस. श्वास नाही. चाळीस.

एकाहत्तर.

भोंगा वाजला. तो वाजतच राहिला. नुजहत सिस्टर ऑक्सिजनकडे धावल्या, डॉक्टरांना हाका मारत. आईच्या तोंडावर मास्क चढला. चौऱ्याहत्तर. ऐंशी. छाती हलायला लागली. शहाऐंशी.

मी खाली बसलो.

एवढा गोंगाट, आणि उकंडाकाका उठला नाही.

त्याच्या पडद्यावर अजून अठ्ठ्याण्णव. घड्याळात दुपारचे एक वाजून बावन्न मिनिटं.