फणसाडची गाण

माझी नात बुद्धप्रिया कोकणात फणसाडच्या जंगलात वनरक्षक म्हणून लागली, तेव्हापासून माझ्या लेकाला, दिपकला झोप नव्हती. सोलापुरात बसून तो बिबट्यांचाच विचार करायचा. पोरगी एकटी हिंडते, हे त्याच्या डोक्यातून जाईना. शेवटी एप्रिलात त्यानं मला गाडीत बसवलं. म्हणाला, "आई, ती तुझं ऐकंल. राजीनामा द्यायला लाव आन् घेऊनच ये." मी व्हय म्हटलं. मलाही तेच बरं वाटत होतं.

आमच्या गावाकडं, जेऊरला, त्या दिवसांत जमिनीला भेगा पडतात, बाभळीची सावलीसुद्धा पातळ होते. इथं फणसाडात पोरीमागं हिंडताना भर दुपारी पायवाट गार होती. झाडं इतकी उंच की वर बघताना डोक्यावरचा पदर घसरायचा. तांबड्या शेपटीचं शेकरू एका शेंड्यावरून दुसऱ्या शेंड्यावर झेपावलं आणि मी तोंड उघडं टाकून बघतच राहिले. खाली गारंबीच्या वेलाची शेंग पडली होती, माझ्या हातापेक्षा लांब. शेजारणींना दाखवायला म्हणून मी ती काखेत मारली.

"ठेव खाली, आज्जे. हितलं काय न्यायचं न्हाय," पोरगी म्हणाली. मुकाट्यानं ठेवली.

राजीनाम्याचं काढलं, तर म्हणाली, उद्या गाणीवर चल, मग बोलू.

गाणीवर म्हणजे गाण्याच्या कार्यक्रमाला, असं मी धरून चालले. आमच्यात वंदनेला, भीमगीतांना बाया पांढरं लुगडं नेसून जातात. मीही दुसऱ्या दिवशी पिशवीतलं धुवट पांढरं लुगडं नेसले, खडीसाखर तोंडात धरली. जंगलाच्या वाटेनं जाताना आवाज लागतोय का बघावं म्हणून दोन ओळी म्हटल्या.

बुद्धप्रिया थांबली. काय चाललंय, विचारलं. तितं म्हणायला लावलं तर, असं मी म्हणताच ती वाटेतच खाली बसली. हसू आवरेना तिला.

"अगं, गाण म्हंजी पाणवठा. हितली माणसं तसंच म्हणत्यात. आन् तू निघालीस पांढरी फटक होऊन! जनावरं काय टाळ्या वाजवणार हायती व्हय?"

तिनं आपला खाकी कोट माझ्या अंगात घातला. पाण्याजवळ फांद्यांची एक खोपी होती, तिच्यात आम्ही दडून बसलो. लांबून समुद्राची गाज येत होती. बऱ्याच वेळानं सांबराची मादी आली, मागं पिल्लू. पाण्याशी येऊन ती थबकली आणि पुढचा पाय आपटून नेमकी आमच्याकडं बघू लागली. माझा पदर कोटाबाहेर आला होता. पोरीनं नजर न हलवता तो हळूच तळव्याखाली ओढून घेतला. तिच्या गालावर डास बसला होता, तो तसाच बसू दिला. मग मादीनं मान खाली घातली. पाणी पिताना तिच्या घशाचा आवाज आम्हाला ऐकू येत होता. पिल्लू तर पोटापर्यंत आत शिरलं.

एकाएकी वरची वानरं खाकरू लागली. मायलेकरं झाडीत नाहीशी झाली.

"बिबट्या असंल. हलू नको," बुद्धप्रिया कुजबुजली.

मी घाबरून तिच्याकडं पाहिलं, तर शेजारच्या घराची कडी वाजावी तसा तिनं नुसता कान दिला होता. बिबट्या कुठून कुठं चाललाय, ते ती वानरांच्या आवाजावरून ताडत होती. वानरं निवांत झाली, तेव्हाच तिनं मला उठवलं.

वाटेत तिनंच विचारलं, "आता बोल. काय सांगणार हाईस पप्पांना?"

"न्यायला आले होते. न्हाय नेत," मी म्हटलं. ती पुढं चालत होती. मागं न बघता तिनं नुसता माझा हात धरला.

रात्री दिपकला फोन लावला. त्याला सांबर सांगितलं, डास सांगितला, वानरं सांगितली. पोरीला जंगल कळतंय, तिला तितंच राहू दे, असंही सांगितलं. मग तो म्हणाला, तिकडं सगळा भातच असंल ना. ज्वारीचं पीठ मिळतं का तिला, की पाठवून देऊ?