नवाकोरा फिल्टर

भर समुद्रात बोटीचं इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं, तशी लेकीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मोठ्या टाकीतलं डिझेल पंपाने खेचून, फिल्टरमधून गाळून इंजिनाच्या छोट्या टाकीत सोडायचं, ही सगळी जोडणी तिने स्वतः रक्ताचं पाणी करून बसवली होती. आता छोट्या टाकीतून काळा गाळ निघत होता, आणि फिल्टरची काचेची वाटी मात्र आरशासारखी लख्ख. फिल्टर बदलण्यापुरता ठेवलेला बाजूचा कॉक सताड उघडा होता. डिझेल फिल्टरला वळसा घालून जात होतं.

"बाबा, हा कॉक कुणी उघडला?"

"मीच. अगं, इतका महागाचा फिल्टर, पहिल्याच दिवशी काळा झाला असता."

"मग काय शोकेसमध्ये ठेवायला आणला होता?"

बोट खडकांकडे सरकत होती. दातओठ खात तिने लाइफ जॅकेटांची पेटी उघडली. जॅकेटं अजून दुकानातल्या प्लास्टिकमध्येच होती. तिने एक पिशवी दातांत धरली.

"फाडू नकोस," बाबा म्हणाले, "थांब, कात्री आणतो."