पावणेपाच मिनिटांनी

"ऐकलंत?" मामांनी विचारलं. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक गिअरबॉक्सला आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ते उकिडवे बसले होते.

"काय, मामा?"

"ठोका. आत्ता पडला. पुढचा पावणेपाच मिनिटांनी."

मी घड्याळ धरून उभा राहिलो. वेळ झाली, मामांनी बोट वर केलं. मला नेहमीची घरघर तेवढी ऐकू आली.

मामा म्हणजे माझे सासरे. कारखान्यात त्यांना सगळे डॉक्टर म्हणायचे, निम्मं कौतुकाने, निम्मं टिंगलीने. मी तिथेच खताचे दाणे सुकवणाऱ्या पिंपावर होतो. पिंप आपलं म्हणायला, आत अख्खी बस उभी राहील. दर गुरुवारी ते थांबवून आत शिरायचं आणि भिंतींवर चिकटलेला थर खरवडायचा, हे माझं काम. थर एका बाजूला जास्त धरतो, आणि मोटर बंद असताना त्या वजनाला धरून ठेवतो तो गिअरबॉक्सच. त्याचे दात तुटले तर पिंप आपोआप फिरणार, आणि आतल्या माणसाचं काय होणार ते सांगायला नको.

"मोटर मिनिटाला चौदाशे चाळीस फेरे मारते, पिंप चार," मामांनी जेवणाच्या सुट्टीत समजावलं. "मधला उतावळेपणा गिअरबॉक्स काढून घेतो आणि त्याची ताकद करून देतो. शेवटच्या जोडीत लहान चाकाला एकोणीस दात, मोठ्याला शहाण्णव. आकडे मुद्दाम असे ठेवतात, म्हणजे तेच दोन दात सारखे भिडत नाहीत, झीज वाटली जाते. मोठं चाक पिंपाच्याच वेगाने फिरतं, आणि तेच दोघं पुन्हा भेटायला त्याचे एकोणीस फेरे लागतात."

"म्हणजे पावणेपाच मिनिटं."

"हां. दोन दात दुखावलेत. एकमेकांना शोधत फिरताहेत आतमध्ये."

हे वाक्य मला मुळीच आवडलं नाही. मी काही भित्रा नाही, पण आत जाणारा मी होतो.

साहेबांनी हादरे मोजायचं यंत्र आणून दोन मिनिटं गिअरबॉक्सला लावलं. पडद्यावरची रेघ सरळ. "डॉक्टर, तुमचेच कान तपासून घ्या एकदा," ते हसत म्हणाले. मामा हसले नाहीत. गिअरबॉक्सचं झाकण उघडल्याशिवाय जावई आत जाणार नाही, म्हणून अडून बसले. शेवटी साहेबांनी वैतागून परवानगी दिली.

मामांचंच खरं निघालं. लहान चाकाच्या एका दातावर आणि मोठ्या चाकाच्या एका दातावर सारखाच खड्डा, आणि दोन्हींच्या मुळाशी केसाएवढी चीर. मी बोट फिरवून पाहिली. खाली तेलात एक चपटा झालेला नट होता.

आमच्याकडे झाकण लावण्याआधी फडक्यावर मांडलेले सुटे नट-बोल्ट मोठ्याने मोजतात आणि जोडीदार आकडा परत म्हणतो. मामांनी तो नट तळहातावर घेतला. "दोन वर्षांपूर्वी झाकण मी लावलं होतं," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "घरात लग्न होतं. घाईत मोजलं नाही." लग्न माझंच होतं.

साहेबांनी ते मनावर घेतलं नाही. नवी चाकं बसली, यंत्र कपाटात गेलं, आणि डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय पिंपात कोणी शिरायचं नाही असा नियम झाला. मला केवढा धीर आला.

पुढच्या गुरुवारी सकाळी पिंप थांबवलं. स्विचला कुलूप घातलं, किल्ली माझ्या खिशात. मामा स्क्रूड्रायव्हर कानाला लावून बसले. शेड इतकी शांत की पत्र्यावरच्या पारव्यांची नखं ऐकू येत होती. मामा बराच वेळ हलले नाहीत. मग त्यांचं बोट वर गेलं.

"मामा, मशीन बंद आहे."

"माहीत आहे मला."

"मग?"

"घरीही पडतो. जेवताना, आंघोळीला बसल्यावर. पावणेपाच मिनिटांनी." ते माझ्याकडे बघत नव्हते. "आधी इथे ऐकला की आधी घरी, ते आता मलाच सांगता येत नाही."

चीर तर खरी होती. मग मामांनी ऐकलं होतं काय?

"काय डॉक्टर, सोडू ना माणूस आत?" साहेबांनी जिन्यावरून विचारलं.

मामांच्या नोकरीची दोन वर्षं राहिली होती. नुसतं हो म्हटलं असतं तर ती सुखाने गेली असती. ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

"साहेब, माझ्या शब्दावर कोणाला आत सोडू नका. कान गेलेत माझे. तीन वर्षं तपासणी चुकवतोय."

साहेब दोन पायऱ्या खाली उतरले. "ते उद्या बघू. पण थर काढायलाच हवा. आत कोण जाणार?"

मी खरवडायची पट्टी उचलली. मामांनी ती दुसऱ्या टोकाला धरली.

"मामा, मी जातो."

"जावईबापू, सोडा."

कारखान्यात त्यांनी मला तसं कधी म्हटलं नव्हतं. मी पट्टी सोडली. ते वाकून दारातून आत गेले.

आतून खरवडण्याचा आवाज सुरू झाला. घड्याळ बघायचं नाही असं मी ठरवलं होतं. आवाज थांबला तेव्हा बघितलंच. पावणेपाच मिनिटं झाली होती. माझा हात दाराच्या कडीवर गेला. मग पट्टी पुन्हा चालू लागली.

दुपारपर्यंत मी तिथून हललो नाही. दर पावणेपाच मिनिटांनी खरवडणं थांबायचं, मी मनातल्या मनात आकडे मोजायचो, आणि ते पुन्हा सुरू व्हायचं.