थोरलीचा श्वास

अहो, वर बघा, मी इथे आहे! मी ड्रोन बोलतोय, चार पात्यांचा आणि आवाजाने जरा कर्कश. पूर्वी एका फोटोग्राफरकडे होतो. लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावर घिरट्या घालायच्या, एवढंच काम. नवं मॉडेल आल्यावर त्याने मला कपाटात कोंबलं. गरज सरो, वैद्य मरो!

तिथून मला ताईने सोडवलं. ताई देवमाशांचा अभ्यास करते, पण त्यांना साधी सुईही टोचत नाही. तिने माझ्या पोटाखाली झाकणाची बशी बांधली. देवमासा वर येऊन फवारा सोडतो ना, त्यातून उडायचं आणि त्याचा श्वास उघड्या बशीत झेलून आणायचा. शी, काय तो वास!

त्या मोसमात ताईचा जीव थोरलीत अडकला होता. थोरली म्हणजे शेपटीला खाच असलेली मोठी मादी. ती पोटुशी असावी, असं ताईला वाटत होतं. श्वास तपासला की ते कळतं. तसं निघालं, तर बंदराचं ऑफिस जहाजांचा वेग कमी करायला तयार होतं. नाहीतर तिच्या वाटेवरून जहाजं सुसाट जाणारच.

पहिला श्वास मी झकास आणला. झाकण बसेपर्यंत बशीजवळ कुणी तोंड उघडायचं नाही, हा बोटीवरचा नियम. पण आमचे बोटवाले काका! बशीवर वाकून ओरडले, "आणला रे पठ्ठ्याने!" झालं. थोरलीच्या श्वासात काकांचाही मिसळला.

"काका, आता यातून तुमचंच निदान होईल," ताई रडवेली होऊन म्हणाली.

काका ओशाळले. थोरली लांब निघाली होती. "इंजिन चालू करतो. आत्ता गाठू तिला."

"नको. मागे लागलो तर घाबरेल ती. तिला छळून मला काही नकोय."

"अगं, पण ती निघूनच गेली तर?"

"तर गेली."

म्हणाली खरी, पण तिचे डोळे भरले होते. मलाही फार वाईट वाटलं. बोट तशीच डुलत राहिली.

बऱ्याच वेळाने थोरली आपणहून वळली आणि जवळच वर आली. मी झेपावलो. परतलो तेव्हा काकांनी तोंड तर मिटलं होतंच, नाकही धरलं होतं!

ताईने झाकण लावलं आणि हसत ओरडली, "अहो काका, श्वास घ्या आता!"

थोरलीला खरंच दिवस गेले होते. बातमी कळली तेव्हा सख्ख्या लेकीची गोड बातमी असावी तसे काका नाचले. बंदराच्या ऑफिसनेही शब्द पाळला.

खाऱ्या हवेने हल्ली माझी मोटर कुरकुरते, तरी मी रोज उडतो. बरीचशी जहाजं आता हळू जातात. काही अजून दामटतात. त्यांच्या कप्तानांनो, पोटुशी बाई रस्ता ओलांडताना दिसली, तर तुम्ही गाडी थांबवता ना? इथे तर थांबायचीही गरज नाही, जहाज नुसतं हळू करा. थोरलीचे दिवस भरत आलेत.